खाजणाच्या बांधावरून: कळवा, घणसोली, ऐरोली, वाशी

गुरुवार

मार्गशीर्षातल्या वद्य द्वितीयेला आत्या कळव्याला आमच्याकडे मुक्कामाला आली. ठाण्यातले लग्न आदल्या दिवशीच उरकले होते. अलिबाग तालुक्यातल्या खारेपाटात, म्हणजे सासरी, परतण्यापूर्वी तिला घणसोलीचे माहेर पाहायचे होते. पण माहेर म्हणजे तिथली माणसे नव्हेत, ती तर लग्नात भेटलीच होती. तिला आमच्या खाजणाचा, म्हणजे खाडीला बांध घालून मिळवलेल्या शेतजमिनीचा, बांध जिथून जात असे तो काठ पायी चालून पाहायचा होता. पंच्याहत्तरी ओलांडलेल्या बाईने पायी चालण्याला मी हरकत घेतली, तेव्हा तिच्याहून सहा-सात वर्षांनी धाकटे असलेले माझे बाबा मध्ये पडले आणि त्यांनी भिंतीवरची दिनदर्शिका उतरवून तिथ्या पाहायला सुरुवात केली.

खाडीकाठी वाढलेल्या माणसांचा हिशोब साधा असतो. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची. जो आकडा येईल त्या वेळेच्या आसपास भरती पूर्ण होते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, आणि अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या सुमारास. पाणी सर्वात जास्त चढते तेही याच दिवसांत आणि त्यानंतरच्या एक-दोन दिवसांत, म्हणजे आमच्या किनाऱ्यावर उधाणाची भरती येते ती भर दुपारी आणि मध्यरात्री. बाबांच्या घराण्यात रात्री एकसलग झोपण्याची सवय कोणालाच का नव्हती, याचे उत्तर मला या हिशोबात मिळाले. शनिवारी चतुर्थी असल्यामुळे ऐरोलीहून खाडीत जाणारी बोट तीनच्या आसपास सुटणार, असे त्यांनी बोट सोडणाऱ्या तिथल्या केंद्राला फोन करण्यापूर्वीच सांगून टाकले आणि ते बरोबर निघाले.

जेवणानंतर बोलणे शेतीवर गेले. माझ्या आईचे माहेर मुरबाडकडचे आहे, त्यामुळे आमच्या घरात शेतातल्या कष्टांची जी वर्णने चालतात ती बहुतेक तिचीच असतात: उन्हाळ्यात वरकस जमिनीवरून गवत, पालापाचोळा आणि तोडलेल्या फांद्या डोक्यावरून आणून, शेणासकट थर लावून राब भाजायचा, पहिल्या पावसाबरोबर त्या राखेत भात पेरायचे, आवण तयार झाले की भर पावसात इरले पाठीवर घेऊन, दिवसभर वाकून, चिखलणी केलेल्या वावरात लावणी करायची. आई हे फार छान सांगते. त्या रात्री आत्याने ते सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "तुमचा कष्ट शेतात दिसतो तरी. आमचा सगला बांदान गेला."

शुक्रवार

सकाळी ठाणे स्टेशनातून वाशीची गाडी पकडली. हा मार्ग २००४ मध्ये सुरू झाला, आणि दिघे गावाचे स्थानक तर २०२४ चे. आत्याच्या लग्नाच्या काळात इथे यायचे म्हणजे रस्त्याने किंवा होडीने. गाडीच्या डाव्या हाताला पारसिकचा डोंगर आणि उजव्या हाताला, इमारतींच्या पलीकडे, खाडी असते. डोंगर आणि खाडी यांच्या मधल्या या अरुंद पट्ट्यात दिघ्यापासून बेलापूरपर्यंतची जुनी गावे आहेत, आणि प्रत्येक गावाची जमीन दोन जातींची होती. डोंगराकडची गोडी, जिथे नांगर, राब, लावणी असे सगळे मुरबाडसारखेच चाले. आणि खाडीकडची खारी, म्हणजे भरतीच्या पातळीखालची, बांध घालून समुद्राकडून सोडवून घेतलेली. १९६० च्या दशकात ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखाने आले ते प्रामुख्याने गोड्या जमिनीवर. रबाळ्याला बाबांनी खिडकीतून डोंगराकडे बोट दाखवून, अमुक शेडच्या मागे आमची राबाची जमीन होती, असे सांगितले. गाडी तिथे जेवढी थांबली तेवढाच वेळ त्या जमिनीला मिळाला.

घणसोली गावात नातेवाइकांच्या घरी चहा झाला. कुडाच्या भिंती, शेणाने सारवलेला ओटा आणि मागच्या पडवीतली भाताची कणगी यांपैकी आता काहीच राहिलेले नाही, आणि तसे राहावे अशी अपेक्षा ठेवणेही योग्य नाही. तिथे राहणाऱ्या माणसांना पाऊस घरात न येणारी घरे हवी होती आणि ती त्यांनी बांधली. आत्याने घराकडे फारसे पाहिलेच नाही. चहाचा कप खाली ठेवताच ती पश्चिमेकडे चालू लागली.

गाव संपून सेक्टर सुरू होतात ती रेघ नकाशाशिवायही कळते. गल्ली एकदम सरळ होते, इमारतींना नावांऐवजी क्रमांक येतात आणि पायांखालची जमीन, जी मूळची खाली उतरत जाणारी होती, ती भरावामुळे सपाट लागते. आत्या मात्र उतार असल्यासारखीच जपून चालत होती. एका सोसायटीच्या कुंपणाजवळ थांबून दोघांनी बराच वेळ वाद घातला आणि शेवटी आमची खाचरे इथून सुरू होत होती, असे ठरले.

खाऱ्या जमिनीतल्या शेतीचे काम मुरबाडच्या उलटे आहे. इथे नांगर जवळजवळ लागतच नाही आणि राबही भाजत नाहीत. उन्हाळ्यात जमिनीला भेगा पडतात, तिच्यावर मिठाचा पांढरा थर येतो. जूनच्या पावसाने ते मीठ धुऊन, ते पाणी ओहोटीबरोबर खाडीत सोडून द्यायचे, आणि जमीन पुरेशी गोडावली की मोड आणलेले भात चिखलात फेकून पेरायचे. जमीन गोडावली की नाही, हे आजी बांधाच्या आतले पाणी ओंजळीत घेऊन, जिभेला लावून ठरवीत असे. काळा रता, भुरा रता असे मीठ सोसणारे लाल भात लावायचे. कापणी दिवाळीच्या पुढेमागे. दुसरे पीक नाही, कारण पाऊस थांबला की मीठ पुन्हा वर येते. एवढेच ऐकले तर ही आळशाची शेती वाटेल, आणि मला लहानपणी ती तशी वाटतही असे.

कष्ट सगळा बांधाचा होता. माघापासून वैशाखापर्यंत, म्हणजे इतर शेतकरी जरा मोकळे असतात त्या दिवसांत, घरातली सगळी माणसे ओहोटीच्या वेळी खाडीच्या अंगाला उतरत. पुरुष चिखलाची मोठमोठी ढेपे कापत आणि बायका ती पाट्यांत भरून, डोक्यावर चुंबळ ठेवून बांधावर नेत. मागच्या पावसात बांध जेवढा खचला असेल तेवढा दरवर्षी पुन्हा चढवायचा. भरती आली की वर यायचे, ओहोटी लागली की पुन्हा खाली. म्हणजे कामाची वेळ दर दिवशी पाऊण तासाने पुढे सरकणार आणि जेवणही तिच्याबरोबर सरकणार. खाऱ्या चिखलाने बोटांच्या बेचक्यांना आणि टाचांना चिरा पडत. रात्री कोकमाचे मुठेल तापवून त्या चिरांत सोडायचे काम आत्याचे होते, आणि त्या वेळी आजोबांच्या तोंडून निघणारे शब्द तिने मला अजूनही सांगितलेले नाहीत.

बाबांना सात-आठव्या वर्षापासून वेगळे काम होते. खेकडे बांधात बिळे करतात; बीळ आरपार गेले की भरतीचे पाणी त्यातून आधी झिरपते, मग धार धरते आणि माती घेऊन जाते. शाळेत जाण्यापूर्वी बांधाच्या आतल्या अंगाने चालत जाऊन ओल कुठे आली आहे ते पाहायचे, ही त्यांची नेमणूक होती. ओलीच्या जागी हात घालून बीळ कुठल्या दिशेने जाते ते चाचपायचे, चिकणमातीचा लांबट गोळा करून तो बिळात रेटायचा, त्यावर दुसरा गोळा, आणि मग टाचेने दाबत गोल फिरायचे. बाहेरून नुसती माती थापली तर ती पहिल्या भरतीला निघून जाते. आत भरली तरच टिकते. हे सांगताना बाबांनी फुटपाथच्या कडेला टाच टेकवून ते गोल फिरणे करून दाखवले. जवळून जाणारा एक कुत्रा दचकला, एवढेच त्याचे साक्षीदार.

आणि उघाडी. बांधातून आतले पाणी बाहेर जाण्यासाठी ठेवलेले ते दार. लाकडी झडप वरच्या बाजूने टांगलेली असते, खाडीच्या अंगाला. ओहोटीला आतले पाणी तिला ढकलून बाहेर जाते, आणि भरती आली की बाहेरचे पाणीच तिला दाबून बंद करते. माणसाने हात लावायची गरज नाही, असे म्हणायचे; पण तिवराची एक फांदी झडपेत अडकली की फट राहते, खारे पाणी आत शिरते आणि उभे भात पिवळे पडते. नुकसान एका हंगामाचे नसते. मीठ जमिनीत बसले की पुढची दोन-तीन वर्षे ती पिकत नाही. म्हणून उधाणाच्या दिवसांत, रात्रीच्या भरतीपूर्वी, कोणीतरी कंदील घेऊन उघाडीपाशी जायचे, पाण्यात उतरायचे आणि झडपेच्या कडेने हात फिरवून ती साफ आहे याची खात्री करायची. आमच्या घराची पाळी दर काही रात्रींनी येई.

या कामाचा मोबदला कोणी देत नसे, आणि त्याची नोंदही कुठे होत नसे. सातबाऱ्यावर पीक लागते, क्षेत्र लागते, कुळाचे नाव लागते. बांधावरची रात्र लागत नाही. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे व त्या वेळच्या कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यांतल्या ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी घ्यायचे ठरले, तेव्हा भाव ठरला तो जमिनीचा. पुढे दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढा झाला, जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात पोलिसांच्या गोळीबारात पाच आंदोलक हुतात्मा झाले आणि १९९० मध्ये घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचा निर्णय आला, हे सगळे आमच्या पट्ट्यातल्या प्रत्येक घराला पाठ आहे. पण खाजण ही नुसती जमीन नव्हती. बांध काढून घेतला तर तिथे चिखल आणि पाणी एवढेच उरते. ती जमीन म्हणून अस्तित्वात होती तीच मुळी माणसांनी दरवर्षी केलेल्या कामामुळे, आणि हे मला शनिवारी डोळ्यांनी दिसले.

शनिवार

संकष्टी असल्यामुळे बाबांचा उपास होता आणि आत्याचाही. शेंगदाण्याचा लाडू खाऊन दोघे ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात माझ्याआधी तयार होऊन बसले. ठाणे खाडीच्या या भागाला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि २०२२ मध्ये रामसर स्थळांच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, यादीत तिचे नाव आले. बोटीतले बाकीचे प्रवासी दुर्बिणी घेऊन रोहित पक्ष्यांसाठी आले होते. मार्गशीर्षात त्यांचे थवे अजून विरळ असतात, तरी शेकडा-दीडशे पक्षी दूरच्या चिखलपट्टीवर दिसले आणि सर्वांनी समाधानाचा श्वास सोडला. बाबा आणि आत्या या दोघांची पाठ त्यांच्याकडे होती.

जेटीपासून बोट तिवरांच्या दाट भिंतींमधून खाडीत येते आणि मग दक्षिणेला घणसोलीचा काठ दिसू लागतो. तो सगळा हिरवा आहे. उंच तिवर, एकमेकांत शिरलेले, भरतीमुळे निम्मे पाण्यात बुडालेले. बाबांना काही बोलायचे होते. पण आधी आत्या बोलली. हे आमच्या वेळी नव्हते, ती म्हणाली. तिवर बांधाच्या बाहेर, कडेला असे, एवढेच. जमिनी गेल्यावर बांधाला माती घालणारे कोणी उरले नाही, बांध जागोजागी फुटला, भरती आत आली आणि भरतीबरोबर तिवराचे बी आले. ज्या खाचरांवर भराव पडला ती सेक्टर झाली, आणि ज्यांच्यावर पडला नाही त्यांचे हे रान झाले. ते रान आज शहराच्या उपयोगाचे आहे, किनारा धरून ठेवते, मासळीला आसरा देते, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. आत्याच्या मनातही नव्हती. तिने फक्त पाहून सांगितले की ही झाडे सरळ रेषेत का उभी आहेत ते पाहा. खरोखरच एका ठिकाणी तिवरांची उंच रांग बाकीच्या रानातून सरळ गेलेली होती, कारण खाली बुडालेल्या बांधाचा उंचवटा अजून शिल्लक होता.

खांड पडल्याची, म्हणजे बांध फुटल्याची, रात्र तिने बोटीतच सांगितली. नारळी पौर्णिमेनंतरची द्वितीया होती, म्हणजे भरती दीडच्या सुमारास. बाबा तेव्हा आठ-नऊ वर्षांचे आणि ती पंधरा-सोळाची. दोन दिवस पाऊस लागलेला, आत पावसाचे पाणी तुंबलेले आणि बाहेर उधाण. गावात हाकाटी झाली तेव्हा बांध दोन बैलगाड्या शेजारी जातील एवढा वाहून गेलेला होता. वाहत्या भरतीत खांड बांधता येत नाही. टाकाल ती माती पाणी घेऊन जाते. म्हणून सगळे गाव हातात कंदील घेऊन नुसते उभे राहिले आणि पोटरीला आलेल्या भातात खाडी शिरताना पाहत राहिले. पाणी उलटले ते अडीचच्या पुढे. मग मात्र पुढच्या दुपारची भरती येण्यापूर्वी बांध तिच्या पातळीच्या वर आणायचा होता, आणि त्यातही निम्मा वेळच पाणी पुरेसे खाली असणार होते.

तिवराचे दांडे तोडून त्यांच्या दोन रांगा खांडीत ठोकल्या. मध्ये पेंढा आणि चिखल, पुन्हा पेंढा आणि चिखल. पेंढ्याच्या उडव्या संपल्यावर आजोबांनी आमच्या गोठ्याचा कूड उपटून आणला आणि दांड्यांना आतून लावला. बायका खांद्याला खांदा लावून रांगेत उभ्या होत्या. मातीची ढेपे हातोहात पुढे जात. आत्याच्या एका बाजूला तिची आई आणि दुसऱ्या बाजूला सुईण म्हणून गावात मान असलेली म्हातारी होती, जिने सकाळपर्यंत एकदाही रांग सोडली नाही. बाबांचे काम भाकरी पोचवण्याचे: तांदळाची भाकरी, सुकट आणि कांदा, रांगेतल्या बायकांच्या हातांना चिखल असल्यामुळे प्रत्येकीच्या तोंडात घास घालायचा. दुपारी पाणी चढले तेव्हा नव्या मातीच्या वर फक्त वीतभर उंची शिल्लक होती आणि पुरुष बांधावर पालथे पडून, छातीने ती माती दाबून धरून राहिले.

बांध टिकला. भात गेले. त्या वर्षी आमच्या हिस्स्याला एरवीच्या दोन खंडींच्या जागी चार-पाच मण आले आणि पुढच्या वर्षी त्याहून कमी. आजोबा त्या उन्हाळ्यात आणि पुढच्याही उन्हाळ्यात मिठागरावर मजुरीला गेले.

रविवार

वाशीला मिनी सीशोअरवर सकाळी फिरणाऱ्यांची गर्दी असते. इथले पाणी समुद्राचे नसून धारण तलावाचे आहे. नवी मुंबईचा बराच भाग भरतीच्या पातळीहून खाली किंवा तिच्याजवळ असल्यामुळे शहराच्या रचनेत असे तलाव मुद्दाम ठेवले आहेत: पाऊस आणि भरती एकाच वेळी आली की नाल्यांचे पाणी या तलावांत थांबते, तलावाच्या तोंडाशी बसवलेली झडप भरतीच्या दाबाने बंद राहते आणि ओहोटी लागली की उघडून पाणी खाडीला जाते. ही पद्धत डच धर्तीची आहे असे सांगतात, आणि ती तशी असेलही. आत्याने मात्र ऐकून घेतले आणि विचारले, "उघाडीच ना ही?" बाबा म्हणाले, "उघाडीच." त्यानंतर रात्री इथे कोण येतो, झडपेत काही अडकले तर पाण्यात कोण उतरतो, त्याला किती देतात, असे तिचे प्रश्न सुरू झाले, मला त्यांची उत्तरे देता येत नव्हती, म्हणून तिने ती बाकावर बसलेल्या एका निवृत्त गृहस्थांना विचारली. तेही विचारात पडले.

तिच्या सासरी खारेपाटात ही शेती अजून आहे. तिथे बांधाच्या राखणीला जोळ म्हणत. ज्याची जेवढी जमीन तेवढे त्याने श्रम द्यायचे, आणि न देणाऱ्याला गाव विचारत असे. तिची सासू चरीच्या संपाच्या काळातली. १९३३ पासून १९३९ पर्यंत, नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली, त्या भागातल्या कुळांनी खोतांची जमीन कसली नाही, तेव्हा घरोघर लाकडे तोडून आणि खाडीत मासे धरून दिवस काढले गेले. आता तिकडेही माती घालायला माणसे मिळत नाहीत, बांध सरकारी खर्चाने यंत्राने चढवतात आणि यंत्र खेकड्याचे बीळ शोधत नाही, अशी तिची तक्रार होती. फाल्गुनात बाबांनी येऊन दोन दिवस बांध पाहून द्यावा, असे तिने सुचवले. बाबांनी गुडघ्याचे कारण सांगितले. तिने स्वतःच्या दोन्ही गुडघ्यांची माहिती दिली. येण्याचे ठरले.

वाशीच्या महामार्गावर अलिबागच्या एसटीची वाट पाहताना दोघांमध्ये वेगळाच विषय निघाला. खांडीच्या त्या रात्री कोण आले नव्हते? बाबांच्या मते एकच घर, खालच्या आळीतले. आत्याच्या मते दोन. दुसऱ्या घरातल्या माणसाला ताप होता अशी बाबांनी बाजू घेतली, त्यावर तिने त्याच माणसाला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी देवळापाशी विडी ओढताना आपण स्वतः पाहिल्याचे सांगितले. परवाच्या लग्नात त्या घरातली मंडळी भेटली होती, तिने त्यांच्याशी नीट बोलून घेतले होते, नातीला साडीही नेसवली होती. त्याचा याच्याशी संबंध नाही, असे तिचे म्हणणे. एसटी आली. सामान वर चढवून ती खिडकीपाशी बसली आणि गाडी सुटता सुटता काच सरकवून बाबांना ओरडून म्हणाली, "वरच्या आलीतला एक पन नव्हता, फाल्गुनात येशील तवा नाव सांगते."